गाडीचं चौदावं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत, नाहीच जमलं तर शक्य तितक्या लवकर, परिवहन कार्यालयाला वर्दी द्यावी आणि नोंदणीपुस्तक जमा करावं, असं त्यात लिहिलंय. माणसाचं तेराव्याला आटोपतं. गाडीला सरकारने एक दिवस वाढवून दिलाय. मसुदा करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर पंचांग असणार, त्याशिवाय आकडा इतका जवळून जात नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अशी वर्दी द्यायची वेळच सहसा येत नाही. वर्दी द्यायची तर आधी गाडी मेली हे कबूल करावं लागतं, आणि ते कोण करणार? घरामागे कडुनिंबाखाली कमांडर जीप असते. चारही टायर बसलेले, टपावर पडलेल्या निंबोळ्यांचा थर, मागच्या बाकावर कोंबडी अंड्यावर. डॅशबोर्डवरचे गजानन महाराज तेवढे ठणठणीत. मालकाला सहज विचारावं, "ही भंगारात का नाही काढत?" तर तो दुखावतो. "भंगारात? काय झालं तिले? बॅटरी टाकली का एका सेल्फात उठते."

ही बॅटरी सोयाबीन निघालं की टाकायची असते. सोयाबीन निघतं, भाव पडतो आणि बॅटरी पुढच्या हंगामावर जाते. मध्यंतरी जीपचा डायनामो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला "दोन दिवसांसाठी" जातो, त्यामागे रेडिएटर जातो, स्टेपनी जाते. शेवटी इंजिनही जातं. तरी मालकाचं वाक्य तेच, बॅटरी टाकली का उठते. आता तिच्यात बॅटरी टाकायला जागा भरपूर झालेली असते, एवढाच काय तो फरक.

गाडी धडधाकट आहे की नाही हे ठरवायची सरकारची नवी पद्धत म्हणजे स्वयंचलित चाचणी केंद्र. तिथे ब्रेक, धूर, दिव्याचा झोत, सस्पेन्शन सगळं यंत्र तपासतं, माणसाचा हात मध्ये येत नाही. (हात मध्ये येऊ नये हाच केंद्राचा मुख्य उद्देश असावा.) आमच्याकडे हे काम घाट करतात, तेही फी न घेता. जिल्हा मुळात दोन मजली आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, मोताळा हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. कामासाठी खालच्याला वर जावंच लागतं, कारण कचेऱ्या वर आहेत. मोताळ्याकडून निघालेली गाडी राजूर घाट चढून बुलढाण्याच्या गार हवेत पोचली, की ती पास. खामगावकडून येणारी बोथ्याच्या घाटात पास होते. मध्ये थांबून बोनेट उघडावं लागलं, वाफ गेल्यावर बाटलीतलं पाणी पाजावं लागलं, तरी पासच. मागच्या चाकाला दगड लावून उभी करावी लागली तर काठावर पास. उतरून ढकलावी लागली, तर नापास झाले ते प्रवासी.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊस, पीक, राजाची गादी या सगळ्याचं भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात. काळी-पिवळी अजून किती वर्षं ओढेल हे तिथेही कोणी विचारत नाही. ते ज्याला त्याला ठाऊक असतं. मालकाच्या पोरीचं लग्न होईपर्यंत.

सरकारला मात्र गाडी मरायला हवी आहे, आणि त्यात सरकारचं काही वावगं नाही. जुनी गाडी धूर जास्त ओकते, ब्रेक कमी लावते, आणि तिच्यात अडकून पडलेलं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम परत भट्टीत गेलं तर तेवढं खाणीतून कमी काढावं लागतं. शिवाय नव्या गाड्या खपतात. हे शेवटचं कारण भाषणात शेवटी येतं आणि बैठकीत आधी. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या धोरणाची घोषणा झाली, १३ ऑगस्टला पंतप्रधानांनी ते जाहीर केलं, आणि २३ सप्टेंबर २०२१ ला नोंदणीकृत वाहन मोडतोड केंद्रांचे नियम राजपत्रात आले. रस्ते वाहतूक खातं आमच्याच विदर्भाच्या नितीन गडकरींकडे, त्यामुळे विदर्भातल्या गाड्यांना काही सवलत मिळेल अशी एक भाबडी आशा काही दिवस होती. मिळाली नाही.

ते नियम मी वाचलेत. सरकारी नियम वाचून झोप येते हा समज इथे खोटा ठरतो. केंद्रात गाडी आली की आधी ती चोरीची तर नाही हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत बघायचं. मग शुद्धीकरण: पेट्रोल, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस काढून घ्यायचा, बॅटरी आणि एअरबॅग सोडवायच्या, एक थेंब जमिनीत जाऊ द्यायचा नाही. मग कापाकापी. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो तो तुकडा वेगळा कापून सहा महिने जपून ठेवायचा. अस्थीच म्हणा. आणि मालकाला दाखले दोन. गाडी ताब्यात घेतल्याचा एक, मोडल्याचा दुसरा. माणसाला एक मिळवताना ग्रामपंचायतीच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या उदारतेचं मोल कळेल.

आता या नियमांत 'पुनर्वापर' म्हणून जे सांगितलंय ते आमच्याकडे राजपत्राची वाट न बघता चालू होतं. ट्रकचा कमानपाटा लोहाराकडे जातो आणि वखराची पास, विळा किंवा कुऱ्हाड होऊन बाहेर पडतो. पाट्याचं पोलाद असं चिवट की ज्याच्या वखराला पाट्याची पास आहे, तो बांधावर जरा ताठ चालतो. टायर बैलगाडीला. बैलगाडीला चालेनासा झाला तर गोठ्याच्या टिनावर, वादळात टिन उडू नये म्हणून. ट्यूब उन्हाळाभर विहिरीत पोरांना पोहायला शिकवते. जीपचं बाक ओसरीत येतं आणि त्यावर बसून जिल्हा परिषदेची तिकिटं वाटली जातात. बाजूचा आरसा न्हाणीच्या भिंतीला, दाढीसाठी. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की दिसतंय त्यापेक्षा वस्तू जवळ आहे. दाढी करताना पहिल्यांदा रक्त आलं की त्याचा अर्थ लागतो.

अमेरिकेने २००९ मध्ये जुन्या गाड्या हटवायची मोहीम काढली होती. जुनी गाडी आणा, नव्यावर सूट घ्या. तीन अब्ज डॉलर त्यात घातले. पण ती जुनी गाडी मागल्या दाराने परत रस्त्यावर येऊ नये म्हणून नियम असा की इंजिनातलं ऑइल काढायचं, सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. थोड्या वेळात आतलं सगळं काचेगत घट्ट होतं आणि इंजिन कायमचं जाम. हे मी खामगावच्या एका गॅरेजात मिस्त्रींना सांगितलं. ते एका मॅक्स गाडीच्या खाली निजले होते. ते बाहेर आले, उठून बसले, हात पुसले.

"चालू इंजिन?"

"चालू."

"मुद्दाम मारलं?"

"सरकारी हुकूम होता."

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाप लागन त्याहिले. हिरीवर तरी बसवायचं होतं." आणि पुन्हा खाली गेले.

जपानी लोक याच्या दुसऱ्या टोकाचे. २००५ पासून तिथे गाडी विकत घेतानाच तिची मोडणावळ भरून घेतात. शोरूममध्ये हार घातलेली गाडी, हातात पेढा, आणि समोरचा माणूस नम्रपणे वाकून अंत्यविधीची पावती फाडतोय. आमच्या मेहकरच्या शोरूममध्ये हे करून बघावं असं वाटतं. गिऱ्हाईक आधी पावतीकडे बघेल, मग विक्रेत्याकडे, मग गाडीला लावलेलं लिंबू-मिरची काढून विक्रेत्याच्या गळ्यात बांधेल.

आता पैशाची गोष्ट. ती लवकर उरकतो, कारण ती वाचताना आमच्या मामांचा रक्तदाब वाढतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, दुचाकीची ३०० वरून १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वर चढवलं: दुचाकी २,०००, कार १०,०००. नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मामांची राजदूत मोटारसायकल १९८६ ची. वर्षभर विसरले तर ३,६०० होतात, आणि मामा एक वर्ष विसरणारे नव्हेत. भंगारवाल्याने राजदूत काट्यावर चढवून जो आकडा सांगितला त्यात एका वर्षाचं विसरणंही फिटत नव्हतं.

"म्हणजे गाडी मोडून दंड भरायचा आणि वरून दंडासाठी खिशातून टाकायचे?" मामांनी विचारलं.

"मोडून टाकली तर दंड पुढे लागणार नाही."

"आणि नाही मोडली तर?"

"लागतच राहील."

"पण मी भरतच नाही ना."

या युक्तिवादावर परिवहन खात्याकडे उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. धोरणात गाजरंही आहेत, नाही असं नाही. मोडीत काढलेल्या गाडीला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मोल मिळावं, नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट राज्यांनी द्यावी, नोंदणी फी माफ व्हावी. पण चार ते सहा टक्के कशाचे? राजदूत बनवणं कंपनीने कधीचं सोडलंय. अँबॅसडरचा कारखाना २०१४ ला बंद पडला. गाडीच्या आधी कारखाना वारला, आता टक्के काढायचे कुणाच्या किमतीवर?

यावर मामांनी स्वतःच तोडगा शोधला, आणि तो कायद्यातला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला सन्मानाने वेगळा नंबर मिळतो, मध्ये 'व्हीए' अशी अक्षरं. नोंदणी दहा वर्षांची, फी वीस हजार. रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला काढायची. थोडक्यात, वीस वर्षांची गाडी गुन्हेगार आणि पन्नास वर्षांची गाडी पुढारी. मधली तीस वर्षं कशीतरी काढायची. मामांच्या राजदूतला २०३६ ला पन्नास भरतात. 'रस्त्यावर आणायची नाही' ही अट ती आतापासूनच काटेकोर पाळते आहे. 'मूळ रूपात' एवढंच जरा अवघड, कारण कार्बोरेटर एका गावात आहे, सायलेन्सर दुसऱ्या, आणि सीटवर सध्या मामांचा नातू जेवतो.

तोवर तिला उच्च सुरक्षा नंबरपाटी लावायची की नाही, यावर घरात दोन तट आहेत. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती पाटी सक्तीची झाली आणि मुदत एवढ्यांदा वाढली की लोकांनी शेवटी मुदतीलाच मुदत विचारायला सुरुवात केली. दुचाकीला ४५० रुपये अधिक कर. मामींचं म्हणणं, ज्या गाडीकडे चोर ढुंकून बघत नाही तिला कसली सुरक्षा? मामांचं म्हणणं, पाटी लावली तर बघेल.

सरकारने नियम लोकांपुरते ठेवले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं नूतनीकरण बंद. केंद्र, राज्य, महापालिका, एसटी सगळ्यांना लागू. सैन्य आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या. एसटीला या बाबतीत शिकवायची गरज नव्हती. १९४८ पासून गाड्या वापरून, उतरवून, चेसिस बरी असेल तर तिच्यावर नवा सांगाडा चढवून परत मार्गावर सोडण्यात तिचा हात कोणी धरला नसेल. चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून नवी होऊन आलेली गाडी चिखली आगारात उभी राहिली की जुना ड्रायव्हर गिअरच्या दांड्याला हात लावतो आणि ओळखतो, ही आपलीच. रंग बदलला तरी दुसऱ्या गिअरला तीच कुरकुर.

तहसीलच्या आवाराचं मात्र कोडं सुटत नाही. तिथे पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पात्रातून वाळू नेताना धरलेले टिप्पर आणि ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. दंड भरून सोडवावेत तर दंड टिप्परच्या किमतीच्या वर जातो, म्हणून मालक येत नाही. लिलाव करावा तर प्रकरण अपिलात. मग टिप्परच्या हौद्यात उरलेल्या वाळूत पिंपळ उगवतो. मोडतोड केंद्रांना अशा जप्त आणि बेवारस गाड्याही घेता येतात, तशी तरतूद आहे. पण त्यासाठी गाडी बेवारस आहे हे कोणीतरी सही करून म्हणायला हवं, आणि सही करणारे साहेब बदलीवर जाताना टिप्परकडे एकदा बघून, पिंपळाला नमस्कार करून जातात.

ट्रॅक्टरवरून आठवलं. एप्रिल २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपवर बातमी फिरली की दहा वर्षांवरचे सगळे ट्रॅक्टर मोडीत काढणार. त्या आठवड्यात आमच्याकडे जे वातावरण होतं ते बियाण्यांच्या टंचाईतही नसतं. पारावर एक जण म्हणाला, आधी ट्रॅक्टर नेतील, मग बैल. दुसऱ्याने बैलाचं वय लपवायचं ठरवलं. शेवटी मंत्रालयाला पत्रक काढावं लागलं की ही बातमी साफ खोटी आहे, शेतीचा ट्रॅक्टर बिगर-व्यावसायिक वाहनात मोडतो, पंधरा वर्षं नोंदणी, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढ. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने आयुर्मान संपलेल्या वाहनांचे वेगळे नियम काढले, त्यांत गाडी बनवणाऱ्या कंपनीवरच जुन्या गाडीच्या लोखंडाची जबाबदारी टाकली, आणि त्यातून शेतीचा ट्रॅक्टर, ट्रॉली, हार्वेस्टर चक्क वगळले. हे नियम मात्र व्हॉट्सअॅपवर फिरले नाहीत. चांगल्या बातमीला आमच्याकडे नेटवर्क मिळत नाही.

दिल्लीचं दुखणं आणखी निराळं. तिथे डिझेलची गाडी दहा वर्षांत म्हातारी ठरवली. हरित लवादाने आधी, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि २०२५ मध्ये पुन्हा थोडं सबुरीनं घ्या म्हणाले. या दहा वर्षांच्या म्हाताऱ्या ना-हरकत दाखला घेऊन देशभर स्थळं शोधत निघाल्या. त्यातल्या काही आमच्याकडे सून म्हणून आल्या. एसी चालू, पॉवर स्टिअरिंग, काचा बटणावर. 'डीएल'ची पाटी बदलेपर्यंत गावात त्यांचं कौतुक होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यांना बैलांची ढेप, खताची पोती आणि चुलत्याचं कुटुंब एकदम वाहायला लावलं की त्यांनाही कळतं, दिल्लीतलं म्हातारपण बरं होतं.

पण लोखंडाचं एवढं काही नाही हो. लोखंड सुटतं. सिंदखेडराजा, देऊळगावराजापासून जालना काय लांब? तिथल्या भट्ट्या जुनं लोखंड गिळायला बसल्यात. आमच्याकडून ट्रकने भंगार जातं आणि जालन्याहून सळई येते. गॅस कटरवाल्याला अख्खी कमांडर कापायला फार वेळ लागत नाही. आधी दारं, मग टप, मग टपाचे खांब. कटरची निळी ज्योत एका जागी टेकते, पत्रा आधी लाल होतो, मग पिवळा, मग थेंब थेंब गळतो आणि जुन्या रंगाचा करपट वास यार्डभर पसरतो. बॉनेट काट्यावर टाकताना पोरगं ओरडून किलो सांगतं, दुसरं पोरगं कोळशाने भिंतीवर लिहितं. बघणारा मालक पहिल्या दाराला डोळे पुसतो आणि शेवटच्या चाकापर्यंत भाव वाढवून मागायला लागतो.

अडतं ते कागदाचं. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी रोखीत दिली की लोखंड गेलं, पण नोंद कार्यालयात जिवंत राहते. कागदावर तुमच्या नावाची एक गाडी अजून रस्त्यावर फिरते आहे, कर थकवते आहे, आणि उद्या तिचा नंबर कोणी दुसऱ्या गाडीला ठोकला तर पोलीस तुमच्याच दाराशी. म्हणून रीतसर केंद्रात जा म्हणतात. कुठल्याही राज्यातल्या केंद्रात द्या, चालतं. फक्त कागद आणा: मूळ नोंदणीपुस्तक, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश. बोजा असेल तर उतरवून आणा. मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद.

आमच्या ओळखीच्या एका घरात चार भाऊ. जीप वडिलांच्या नावावर, वडील गेलेले. जीपवर एका पतसंस्थेचा बोजा; हप्ते वडिलांनी जिवंतपणीच फेडलेले, पण बोजा उतरवायचा राहिला, आणि दरम्यान पतसंस्था स्वतःच अवसायनात गेली. चौघं भाऊ ना-हरकत मागायला गेले तर अवसायक म्हणाले, तुमचं कर्ज फिटल्याचं मला दिसतंय, पण तुमच्या वडिलांच्या ठेवी आमच्याकडे होत्या त्या मी देऊ शकत नाही, त्यामुळे आधी त्या मागू नका, मग ना-हरकत देतो. थोरला म्हणाला, ठेवी होत्या? तोवर हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. जीप मोडायला निघालेल्या भावांना वाटेत बापाचा पैसा सापडला आणि तो बुडालेलाच सापडला. यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या भावात महिनाभर बोलणं बंद होतं, कारण पतसंस्थेच्या एका संचालकाची मुलगी दुसऱ्याच्या सासरच्या नात्यातली.

तरीही झालं. वारसाचे कागद झाले, तिघांनी चौथ्याच्या, म्हणजे धाकट्याच्या, नावे संमती लिहून दिली, बोजा उतरला, जीप टेम्पोत घालून केंद्रावर गेली. केंद्रातल्या पोराने चेसिस नंबर खरडून काढला, तांबेरा झटकला, जुळवला. पैसे धाकट्याच्या खात्यात आले, ते त्याने त्याच संध्याकाळी चार वाटे करून दिले. एवढी स्वच्छ वाटणी त्या घरात शेताचीही झालेली नाही.

भांडण लागलं ते दाखल्यावरून. गाडी जमा केल्याचा तो दाखला नवी गाडी घेताना सूट देतो आणि तो विकताही येतो, दुसऱ्याच्या नावे करता येतो. तिसऱ्याचा पोरगा बोलेरो घेणार होता. तो धाकट्या काकाला म्हणाला, काका, दाखला मला द्या, कर वाचेल. धाकटा म्हणाला, घे की. थोरला म्हणाला, घे, पण जेवढा कर वाचेल त्याचे चार हिस्से. दुसऱ्याने हिशेबाला वकील सुचवला. तिसरा म्हणाला, पोराच्या गाडीत आता चुलत्यांचा हिस्सा? मग उद्या तुम्ही तीन महिन्यांनी एकदा गाडी मागाल. थोरल्याने मान डोलावली, मागूच, म्हणाला, त्यात काय?

पोराने शेवटी बोलेरो पूर्ण कर भरून घेतली, आणि चुलत्यांकडे पेढे पाठवले नाहीत.